मिरजेची सतार आणि भीमाकांठचा भोपळा
(नभोवाणीवरील भाषण)

हस्तव्यवसायाची गोष्ट निघाली म्हणजे आपण बहुधा कारागिराच्या हातांचें कौतुक करितों. तें योग्यच आहे. परंतु त्या हातांत आलेला माल कोणीं पिकविला, कोणीं तोडला आणि कोणत्या भावानें दिला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. हाच दुर्लक्षित प्रश्न आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. उदाहरणासाठीं फार दूर जावयास नको. मिरजेच्या सतार व तंबोरे करणाऱ्या मंडळींचा धंदा घेऊं. शिक्षकाच्या नोकरींत माझीं पुष्कळ वर्षें त्याच भागांत गेलीं. या घराण्यांतील मुलें माझ्या वर्गांत बसत, आणि त्या निमित्तानें त्यांच्या दुकानांत माझें जाणेंयेणें असे.

या धंद्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आहे. फरीदसाहेब यांचें घराणें मूळचें शिकलगारांचें, म्हणजे शस्त्रें घांसून त्यांना धार लावणारांचें. शस्त्रांचे दिवस सरले, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे गवयांची ये-जा वाढली. त्यांचीं वाद्यें दुरुस्त करितां करितां या कुशल हातांनीं नवीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. पुढें विष्णु दिगंबर पलुसकर हे मिरजेसच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले, अब्दुल करीमखाँसाहेबांचें वास्तव्य १९३७ सालीं त्यांना मृत्यु येईपर्यंत येथें होतें. आणि गाणारे व वाद्य करणारे एकाच गांवांत राहिल्यामुळें वाद्यांचा कस वाढत गेला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारचें भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां मौज अशी, कीं ज्या वाद्यास मिरजेचें नांव लागलें, त्याचा मुख्य माल मिरजेंत होत नाहीं. तंबोऱ्याचा भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें, भीमेच्या कांठच्या शेतांतून. मिरजेहून सुमारें सव्वाशें किलोमीटरांवरून. दांडीस व तबलीस तुणीचें लांकूड लागतें, तें रानावनाच्या प्रदेशांतून. लाखेचा पुष्कळसा पुरवठा झारखंडाकडील आणि उत्तम पोलादी तार बहुधा जर्मनीची. तेव्हां 'स्थानिक माल' म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. माझ्या मतें तो मैलांनीं मोजूं नये. ज्याच्या शेतांत आपण स्वतः जाऊन उभे राहूं शकतों, आणि आपणांस काय हवें हें ज्यास ठाऊक आहे, तो पुरवठादार स्थानिक समजावा. या अर्थानें भीमाकांठचा शेतकरी मिरजेच्या कारागिराचा शेजारीच आहे.

हा भोपळा म्हणजे आपल्या भाजीचा दुध्या नव्हे. तो कडू जातीचा असतो. खाण्याच्या कामीं येत नाहीं. तो वेलावरच पुरता पिकूं द्यावा लागतो, म्हणजे त्याची साल घट्ट व जाड होते. जमिनीवर तो जसा बसेल तसा त्याचा आकार होतो. म्हणून तो वाढत असतां त्याची बैठक नीट ठेवावी लागते. तोडल्यावर तो चांगला वाळवावा लागतो. पुरुषांच्या तंबोऱ्यास घेर मोठा हवा, स्त्रियांच्या तंबोऱ्यास त्याहून कमी, सतारीस आणखी लहान. घेर मिळाला पण साल एका बाजूस पातळ निघाली, तर नाद बिघडतो. गारा पडल्या किंवा अवेळीं पाऊस झाला, तर डाग पडतात, तडा जातो, आणि तडा गेलेला भोपळा तंबोऱ्याच्या उपयोगाचा राहत नाहीं.

या वर्णनांतून एक व्यवहाराची गोष्ट निघते. जें फळ खातां येत नाहीं, त्यास दुसरें गिऱ्हाईक नाहीं. कारागिरानें नाकारलें म्हणजे तें जवळजवळ मातीमोल झालें. उलट, असें फळ पिकविणारे शेतकरी थोडे, म्हणून कारागिरासही दुसरें दार नाहीं. दोघेही एकमेकांचे बांधलेले आहेत. असें असतां कारागीर जर बांधावर येऊन चार उत्तम भोपळे निवडील, त्यांचाही भाव पाडील, आणि बाकीची रास शेतकऱ्याच्या गळ्यांत ठेवून निघून जाईल, तर त्या वर्षीं त्याचे पैसे वांचतील खरे; परंतु शेतकरी पुढील सालीं ऊंस लावील. सोलापूर जिल्ह्यांत उजनी धरणाचें पाणी आल्यापासून ऊंस हें पीक त्याच्या दाराशीं उभें आहे. साखर कारखान्यांत वांकडा ऊंस आणि सरळ ऊंस एकाच कांट्यावर तोलला जातो. तेथें नादाची परीक्षा नाहीं. मग भोपळ्याचें जोखीम त्यानें कां पत्करावें ?

म्हणून ज्या कोणा भगिनीनें अथवा गृहस्थानें घरगुती प्रमाणावर हस्तव्यवसाय मांडला असेल, मग तो गोधड्यांचा असो, बांबूच्या वस्तूंचा असो वा मातीच्या भांड्यांचा, त्यांस या उदाहरणावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, माल जेथें उत्पन्न होतो तेथें हंगामांत स्वतः जावें. दलालाच्या वखारींत भाव कळतो, गुण कळत नाहीं. आणि आपण जातों तेव्हां पुरवठादारासही आपली गरज डोळ्यांनीं दिसते.

दुसरी, संपूर्ण पीक घेण्याची युक्ति काढावी. पहिल्या प्रतीचा माल पहिल्या भावानें, दुसऱ्या प्रतीचा दुसऱ्या भावानें, हें लावणीपूर्वीं ठरवावें आणि कांहीं रक्कम इसारा म्हणून द्यावी. मोठ्या तंबोऱ्यास न चालणारा लहान भोपळा एकतारीस चालतो, आणि पंढरीच्या वाटेवर एकतारीस गिऱ्हाइकांची वाण कधींच नव्हती. ज्या कारागिराजवळ दुसऱ्या प्रतीच्या मालासही उपयोग आहे, त्याच्याशीं पुरवठादार टिकून राहतो.

तिसरी, भांडवलाचा कांहीं भाग सांठ्यांत घालण्याची तयारी ठेवावी. ओलें लांकूड स्वस्त मिळतें, पण वाद्य तयार झाल्यावर तें वाळूं लागतें आणि सांधे सोडतें. चांगले कारागीर लांकूड व भोपळे वाळवून राखून ठेवतात. एक वर्ष पीक बुडालें तरी त्यांचें दुकान बंद पडत नाहीं, आणि अडचणींत सांपडून वाटेल तो माल वाटेल त्या भावानें घ्यावा लागत नाहीं. त्याबरोबरच एकाच शेतकऱ्यावर विसंबूं नये. दोघांशीं संबंध ठेवावा, म्हणजे एकाच्या शेतावर गारा पडल्या तरी दुसऱ्याचें पीक हातीं लागतें.

चौथी, जवळचा माल तो चांगलाच, असा हट्ट धरूं नये. तार जर दूरदेशची सुरेल असेल, तर ती घ्यावी. आणि जुन्या चालीचा माल कायद्यानें निषिद्ध झाला असेल, तर तो कितीही जवळ मिळो, त्यास हात लावूं नये. पूर्वीं घोडीसाठीं सांबरशिंग व हस्तिदंत वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांतील पुढील दुरुस्त्यांनीं तो व्यापार बंद झाला. आतां कारागीर शिसवी लांकूड, उंटाचें हाड अथवा कृत्रिम द्रव्य वापरतात. जवारी काढण्याची कला त्यामुळें मेली नाहीं. तिनें नव्या द्रव्याशीं जुळवून घेतलें.

भोपळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तंतुकाचेच्या सतारी निघाल्या आहेत, आणि तंबोऱ्याची जागा अनेक घरांत विजेच्या पेटीनें व खिशांतील दूरध्वनीनें घेतली आहे. मी त्यांस दोष देत नाहीं. एकट्या विद्यार्थ्यास त्यांची मदत होते. परंतु तंबोऱ्याची मागणी घटली म्हणजे प्रथम भोपळ्याची लावण घटते, आणि लावण कांहीं वर्षें थांबली म्हणजे त्या घेराचें, त्या सालीचें बीं कोणाच्याही घरीं उरत नाहीं. कारागीर आपल्या मुलास हत्यार धरण्यास शिकवूं शकेल. हरवलेलें बीं तो कोठून आणील?

श्रोते हो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं मुलीचें गाणें सुरू होतें तेव्हां तंबोरा घेण्याचा प्रसंग येतो. त्या वेळीं किंमत विचारण्यापूर्वीं भोपळा कोठला, हें अवश्य विचारावें. माहीत असलेला कारागीर तें आनंदानें सांगेल. आणि त्यानें सांगितलेली किंमत थोडी चढ वाटली, तर तींतील कांहीं भाग भीमेच्या कांठीं, पुढील हंगामाच्या बियांसाठीं जाणार आहे, हें ध्यानांत घेऊन मगच घासाघीस करावी. घरांत जुना तंबोरा अडगळींत असेल, तर तोही मोडींत न काढतां दुरुस्तीस पाठवावा. त्यानेंही कारागिराच्या घरची चूल पेटते, आणि तो पुन्हां शेतकऱ्याच्या बांधावर जाण्याजोगा राहतो.