शहाणा कारखाना आणि थांबण्याचा अधिकार

ज्याला हल्ली ‘स्मार्ट फॅक्टरी’ म्हणतात, त्या शहाण्या कारखान्याचा कारभार कसा चालतो, एवढंच आज पाहू.

या शहाणपणाचं मूळ संगणकाहून जुनं आहे. जपानचे साकिची तोयोदा यांनी १९२४ साली एक स्वयंचलित माग पुरा केला. ताण्याचा एक धागा तुटला की हा माग आपोआप थांबे. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या माणसाला याची किंमत सांगायला नको. तुटल्या धाग्यानिशी माग चालत राहिला, तर कापडात खोट आलीच! माग स्वतःच थांबू लागल्यावर एकाच विणकराला अनेक माग सांभाळता आले.

पुढे त्यांच्या घराण्याने काढलेल्या मोटारींच्या कारखान्यात हीच युक्ती माणसाच्या हाती आली. जुळणीच्या रांगेवर डोक्याशी एक दोरी असे. काही चुकलं की कामगाराने ती ओढायची. दिवा लागे, गटप्रमुख धावत येई. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकण्याच्या आत दोष निघाला तर ठीक. नाहीतर रांग उभी!

आता ही दोरी बरीचशी संवेदकांकडे गेली आहे. जर्मनीत आम्बेर्ग येथे १९८९ साली सुरू झालेला सीमेन्सचा कारखाना आहे. तिथे घडणाऱ्या वस्तूवर सांकेतिक खूण असते. ती वाचून पुढचं यंत्र आपलं काम ओळखतं. अशा कारखान्यांत बेअरिंगचा कंप वाढला, तर यंत्र मोडण्याआधीच सूचना मिळू शकते.

पण सूचना मिळाली, मग पुढे काय? माल सकाळी पाठवायचा आहे आणि रात्री दोनला पडद्यावर तांबडी खूण उमटली. यंत्र थांबवावं, की पाळी संपेपर्यंत रेटावं? संगणक अंदाज देतो. जबाबदारी घेत नाही. थांबवणाऱ्याला जिथे सकाळी जाब द्यावा लागतो, तिथे कोणीतरी सूचनेची मर्यादाच हळूच वर सरकवून ठेवतो. मग खूण उमटतच नाही! उलट मर्यादा फार खाली ठेवली, तर दिवसभर भोंगे वाजतात आणि ‘लांडगा आला रे आला’ अशी गत होते.

व्यवस्थापकाची खरी कसोटी माझ्या मते इथे आहे. ही मर्यादा ठरवताना त्याने यंत्राची माहितीपुस्तिका पाहावी, मागच्या बिघाडांच्या नोंदी चाळाव्यात आणि त्या यंत्रावर रात्रपाळी करणाऱ्या माणसालाही शेजारी बसवून घ्यावं. आणि वरिष्ठांना न विचारता यंत्र कोणी थांबवायचं, हे त्या यंत्रावरच ठळक अक्षरांत लिहून ठेवावं.