जातिव्यवस्था, उत्क्रांती आणि गणित

(अणदूर, ता. तुळजापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



अणदूरचा खंडोबा वर्षाचा काही काळ नळदुर्गला मुक्कामी असतो, उरलेला काळ येथे. त्याच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवादिकांच्या अशा विवाहांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांना दोन समाज एकत्र आल्याचा इतिहास दिसला. पण देवाचे लग्न लागले तरी वाणी आणि धनगर यांच्यात बेटीव्यवहार काही सुरू झाला नाही. एकाच शिवारात शतकानुशतके राहूनही हे समाज एकमेकांत मिसळले नाहीत आणि एकाने दुसऱ्याला हुसकावलेही नाही. असे का व्हावे? या प्रश्नाला गणिताच्या वाटेने भिडण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातील समाजांवरच झालेला आहे. परिवर्तनवादी चळवळीने त्याची दखल घ्यावी तितकी घेतली नाही.

मूळ गणित साधे आहे. एकाच कुरणावर दोन कळप चरतात. एक दरसाल शेकडा ३ ने वाढतो, दुसरा शेकडा २ ने. फरक क्षुल्लक वाटतो. पण पहिल्याचे दुसऱ्याशी असलेले प्रमाण सुमारे ७० वर्षांत दुप्पट आणि ७०० वर्षांत हजारपट होते. कुरण तेवढेच असल्यामुळे दुसरा कळप अखेर नामशेष होतो. इटलीचे गणितज्ञ व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये अशा स्पर्धेची समीकरणे मांडली. रशियाच्या गाउसे यांनी १९३० नंतरच्या दशकात सूक्ष्मजीवांवर प्रयोग करून त्यांचा पडताळा घेतला. निष्कर्ष असा की, दोन जाती दीर्घकाळ शेजारी नांदत असतील तर त्यांनी अन्न वाटून घेतलेले असले पाहिजे.

हाच विचार माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८३ च्या एका निबंधात माणसांच्या जातींना लावला. गाडगीळ पुण्याचे, हार्वर्डला गणिती परिसरशास्त्रात तयार झालेले, मल्होत्रा मानवशास्त्रज्ञ. त्यांची निरीक्षणे अस्सल आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाळी प्रदेशात गवळी धनगर म्हशी पाळतात, तर अवर्षणप्रवण पठारावर हटकर मेंढ्या राखतात. भटक्यांमध्ये नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुकरासारखी शिकार करीत, फासेपारधी फास लावून हरणे व पाखरे धरीत, वैदू मुंगसासारख्या लहान जनावरांवर निर्वाह करीत. ज्या समूहाकडे एखाद्या साधनाचा वंशपरंपरागत मक्ता आहे, तो त्याचा जपून वापर करतो, हे त्यांचे पुढचे प्रतिपादन. वने सरकारजमा झाल्यावर संयम का सुटला, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो. हे संशोधक जातीचे समर्थक होते असा आरोप मात्र अन्यायाचा ठरेल. गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या १९९२ च्या ग्रंथात या व्यवस्थेतील विषमतेची नोंद आहे.

तरीही प्रतिमानात काय गृहीत धरले आहे, हे तपासलेच पाहिजे. ते कसे तपासावे, याचा धडा पुन्हा कोसंबींकडेच मिळतो. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले. गुणसूत्रांची एका ठिकाणी अदलाबदल झाली, तर शेजारच्या अदलाबदलीवर तिचा परिणाम होत नाही, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात परिणाम होतो. कोसंबींनी १९४४ मध्ये हे गृहीतकच बदलले, आणि त्यांचे सूत्र आजही जगभर वापरले जाते. हाच माणूस प्राचीन चांदीची नाणी तराजूत घालून ती किती झिजली आणि किती काळ हातोहात फिरली हे ठरवीत असे. बीजगणित त्यांना कुणापेक्षा कमी येत नव्हते, पण आधी ते वस्तू हातात घेत.

आता पारध्यांचे पाहा. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची वाट उघडली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कलंक कागदोपत्री पुसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. म्हणजे निसर्गातील वाटा संपला. जात ही केवळ त्या वाट्याची व्यवस्था असती, तर वाट्याबरोबर तीही विरघळायला हवी होती. पारधी मात्र पारधीच राहिला. चोरी झाली की पोलीस आधी त्याच्याच पालावर जातात. मुंगूस मुंगूसपण सोडू शकत नाही. पारध्याला नांगर धरता येत होता, त्याला जमीन मिळाली नाही. मेलेले ढोर ओढणे हा महारांनी निसर्गाकडून मागून घेतलेला वाटा नव्हता. ते काम नाकारल्यावर बहिष्कार पडत, मारहाण होई. समीकरणात या सक्तीचे पद नाही.

मराठवाड्याच्या गायरानावर हा हिशेब आणखी अडचणीचा होतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे दलित कुटुंबांनी गायराने कसली आणि १९९१ च्या शासननिर्णयाने त्यांतील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. मेंढपाळ म्हणतो, चराई गेली. कसणारा म्हणतो, पिढ्यान्‌पिढ्या वीतभर जमीन नव्हती. दोघांचेही खरे आहे. व्होल्तेराच्या समीकरणाप्रमाणे यांपैकी एकाने हटले पाहिजे. पण तेथे कुरणाचा आकार हा स्थिरांक आहे. अणदूरच्या शिवारात तो स्थिरांक नाही. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा, त्याची मर्यादा १९७५ मध्ये खाली आणली गेली. भूमिहीनाला गायरानावर जावे लागले, ते त्या मर्यादेपलीकडची जमीन त्याच्यापर्यंत पोहोचली नाही म्हणून. मेंढपाळ आणि कसणारा यांचे भांडण सोडवायला बसणाऱ्या कार्यकर्त्याने गायरानाच्या उताऱ्याबरोबर गावातील मोठ्या खातेदारांचे उतारेही काढून आणावेत.