कुवेतचा किनारा आणि आपला घाट
(आगमन स्मृती समारंभात केलेले भाषण)



आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या स्मरणार्थ मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी जरा घाबरले. मी इतिहासकार नाही. प्राथमिक शाळेत मुलांना मराठी बाराखडी शिकवणारी मी एक शिक्षिका आहे. म्हणून पुस्तकातले थोडे आणि डोळ्यांनी पाहिलेले जास्त, असे सांगणार आहे. माझ्या यजमानांनी आणि मी एकदा कुवेतच्या समुद्रकिनाऱ्याने मोटारीने प्रवास केला. त्या प्रवासात मला सारखा आपला आप्रवासी घाट आठवत राहिला. तो का आठवला, तेवढेच सांगते.

माझे यजमान सात वर्षांपासून कुवेतमध्ये नोकरी करतात. मोठ्या इमारतींतील वातानुकूलन यंत्रांची देखभाल हे त्यांचे काम. करार दोन-दोन वर्षांचा असतो. ते तिकडे आणि मी इकडे, असा आमचा संसार चालतो. २०२५ साली आपल्या शाळांना हिवाळी सुट्टी लागली, तेव्हा जुलैच्या अखेरीस मी भेटीच्या व्हिसावर त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे हिवाळा, तर तिकडे कडक उन्हाळा. त्या देशात मित्रिबा या ठिकाणी २०१६ च्या जुलैमध्ये ५३.९ अंश तापमानाची नोंद झालेली आहे. विमानातून उतरल्यावर मला वाटले, कोणीतरी तोंडासमोर चुलीचे दारच उघडले.

यांना दोन दिवस रजा मिळाली. हे म्हणाले, "अगं, सात वर्षांत मी हा समुद्र कामाच्या बसच्या खिडकीतूनच पाहिला आहे. चल, यावेळी शेवटपर्यंत जाऊ." एका सहकाऱ्याची मोटार मिळाली. ऊन चढायच्या आत निघायचे म्हणून आम्ही पहाटेच बाहेर पडलो. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. दक्षिणेकडे जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे यांच्या बाजूला होता. मी म्हटले, "अहो, तुम्ही रस्त्याकडे बघा. समुद्र मी बघते."

शहरातला किनाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे. त्याला सगळे गल्फ रोड म्हणतात. एका बाजूला निळे पाणी आणि खजुरीची झाडे, पुढे कुवेत टॉवर्स. हे मनोरे १९७९ साली लोकांसाठी खुले झाले. त्यांतील निळ्या गोलांची सगळे छायाचित्रे काढतात. पण त्या गोलांत पाणी साठवलेले असते, हे मला तिथे गेल्यावर कळले. पूर्वी या गावाला गोडे पाणी पुरेसे नव्हते. शत्त-अल-अरब नदीचे पाणी गलबतांतून आणावे लागत असे.

पुढे साल्मिया भागात, विज्ञान केंद्राजवळ, एक जुने लाकडी गलबत जपून ठेवले आहे. त्याचे नाव फतेह अल-खैर. ते १९३८ साली बांधलेले आहे. अशी गलबते बसऱ्याकडचा खजूर घेऊन मुंबईला येत आणि मलबारचे सागवान घेऊन परत जात. कुवेतचे मोतीही मुंबईच्या बाजारात विकले जात. १९६१ पर्यंत त्या देशात रुपयाच चालत होता. ज्या मुंबई बंदरातून आपले पूर्वज जहाजावर चढले, त्याच बंदराशी या लोकांचे असे जुने नाते होते.

त्याहून मोठी गोष्ट यांनी मला सांगितली. यांच्या कार्यालयात एक वृद्ध कुवेती गृहस्थ आहेत, त्यांच्या तोंडून यांनी ती ऐकलेली. मोती काढण्याचा हंगाम म्हणजे हाच उन्हाळा. सुमारे चार महिने माणसे समुद्रावर असत. जाताना नाखव्याकडून उचल घ्यायची, ती पाणबुड्याच्या कष्टातून फेडायची. मोती कमी मिळाले तर कर्ज उरायचे. बाप मेला तर ते मुलाच्या डोक्यावर यायचे. बायका किनाऱ्यावर उभ्या राहून गलबतांची वाट पाहत. १९३० नंतर जपानी कृत्रिम मोत्यांमुळे हा धंदा बसला आणि १९४६ पासून तेल परदेशी जाऊ लागले. आज श्रीमंत दिसणाऱ्या त्या देशातल्या कितीतरी घरांचे आजोबा-पणजोबा असे कर्जाने बांधलेले होते.

हे ऐकून मी गप्प झाले. आपल्या पूर्वजांची शर्त वेगळी होती, पण बांधलेपण तेच. पाच वर्षांचा करार, सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिना पाच रुपये, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापलेली. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर उतरली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मी माझ्या पणजोबांची नोंद पाहिली आहे. कारकुनाने त्यांचे नाव असे काही लिहिले आहे की ते घरातल्यांनाही ओळखू येत नाही. क्रमांक मात्र स्वच्छ आहे.

दुपारचे ऊन टाळण्यासाठी आम्ही साल्मियात एका ओळखीच्या घरी थांबलो. जून ते ऑगस्ट सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत उघड्यावर काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. चारनंतर पुन्हा निघालो, तेव्हा रस्त्याच्या कडेला माणसे डोक्याला फडके गुंडाळून फावडी उचलत होती.

मग मंगाफ आले. हीही समुद्राजवळचीच वस्ती आहे. १२ जून २०२४ रोजी पहाटे येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीय मृत्युमुखी पडले, बहुतेक जण धुराने गुदमरून. विमानाने ते सगळे एकदमच मायदेशी परतले. यांनी मोटारीचा वेग कमी केला, पण काही बोलले नाहीत. मीही काही विचारले नाही. आपल्या लोकांच्या एस्टेट कॅम्पांतील खोल्या मला आठवल्या.

पुढे फहाहीलच्या किनाऱ्यावर आम्ही चहा घेतला. तिथे एक तरुण मोबाइलवर मराठीत बोलत होता. मी न राहवून त्याला हाक मारली. तो रत्नागिरी जिल्ह्यातला. माझे बोलणे ऐकून हसला आणि म्हणाला, "मावशी, तुमचं मराठी अगदी पुस्तकातलं आहे." मी म्हटले, "बाळा, आमच्या पुस्तकांनीच ते टिकवलं." त्याने आपले नाव, गाव, आईचे नाव सगळे सांगितले. कुठे छापू नका, असेही म्हणाला, म्हणून छापत नाही. पण माझ्या वहीत ते नीट, शुद्ध लिहिलेले आहे.

संध्याकाळी आम्ही खैरानला पोहोचलो. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर. वाळवंटात कालवे खोदून तिथे समुद्र आत घेतला आहे आणि त्याच्या काठी घरे बांधली आहेत. सूर्य मागे वाळूत बुडत होता आणि पाणी गुलाबी झाले होते. तिथे यांनी मला सांगितले, "डिसेंबरमध्ये करार संपतो. आणखी दोन वर्षे मागताहेत. मुलीची विद्यापीठाची फी आहे. हा शेवटचा." मी हो म्हटले. माझ्या पणजोबांनीही पाचच वर्षांसाठी अंगठा उठवला होता, हे मी त्यांना सांगितले नाही. आज त्यांच्यादेखत नाही, तुमच्यासमोर सांगते आहे. परतताना समुद्र माझ्या बाजूला होता, पण अंधारात दिसत नव्हता.

बंधुभगिनींनो, आपणही सुट्टीत बेल ओंब्रपासून ल मोर्नपर्यंत किनाऱ्याने फिरतो. तो रस्ताही सुंदर आहे. तिथली हॉटेले, नव्या इमारती बांधायला आज बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर, भारत इथून माणसे करारावर येतात. आपल्या गावातही ती राहतात. त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? की आपणही त्यांना क्रमांकानेच ओळखतो?

घाटाच्या पायऱ्यांना आपण फुले वाहतो, ते योग्यच आहे. पण घरी जाताना एक काम करा. आपल्या शेजारच्या त्या परक्या कामगाराला त्याचे नाव विचारा, गाव विचारा. तो कसा उच्चारतो ते नीट ऐका आणि तसेच म्हणा. आपल्या पणजोबांना ज्याची गरज होती, ते आपण आज दुसऱ्याला देऊ शकतो. माझ्या यजमानांनाही तिकडे कोणीतरी असेच नावाने हाक मारत असेल, एवढीच माझी इच्छा आहे.