दोन मित्र, दोन भाषा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सरकारी सेवेत माझे आयुष्य पत्रे लिहिण्यात आणि वाचण्यात गेले. पण जावक क्रमांकाच्या पत्रातून माणूस सहसा दिसत नाही. म्हणूनच साहित्यिकांचा पत्रव्यवहार मी आवडीने वाचतो. आज अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन आणि रशियन साहित्याचे अभ्यासक व कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्या पत्रांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

नाबोकोव्ह १९४० साली निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. विल्सन यांनी त्यांना 'न्यू रिपब्लिक'मध्ये लेखनाचे काम मिळवून दिले, संपादकांशी ओळखी करून दिल्या. विल्सन प्रौढ वयात रशियन शिकले होते. नाबोकोव्ह इंग्रजी लेखक म्हणून पाय रोवू पाहत होते. १९४१ साली पुश्किनच्या 'मोझार्ट आणि सालिएरी' या नाटिकेचा अनुवाद दोघांनी मिळून प्रसिद्ध केला. लेनिनविषयी त्यांचे कधीच पटले नाही. रशियन वृत्तांवर तर पानेच्या पाने वाद झाला. तरी एकाने दुसऱ्याची भाषा तपासावी, दुसऱ्याने पहिल्याची, असा हा स्नेह वाढत गेला.

१९६४ साली नाबोकोव्ह यांनी पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन'चा चार खंडांतला सटीप अनुवाद प्रसिद्ध केला. यमके सोडून त्यांनी शब्दशः अर्थ धरला होता. पुढच्याच वर्षी विल्सन यांनी त्यावर कठोर लेख लिहिला. त्यातील दुर्मीळ इंग्रजी शब्दांवर त्यांनी आक्षेप घेतलेच, शिवाय जन्माने रशियन असलेल्या मित्राला रशियनचेही धडे दिले. नाबोकोव्ह यांनी विल्सन यांच्या रशियनमधील चुका तितक्याच जाहीरपणे मांडल्या. जो वाद पंचवीस वर्षे पाकिटात सुखाने नांदला, तो छापील पानावर येताच वैर होऊन बसला. पत्रातली दुरुस्ती मित्रासाठी असते; चारचौघांतली दुरुस्ती प्रेक्षकांसाठी होते.

मार्च १९७१ मध्ये नाबोकोव्ह यांनी सारी जुनी पत्रे पुन्हा वाचली आणि आजारी विल्सन यांना, आता मनात राग उरला नाही, असे कळविले. परंतु त्याच वर्षी विल्सन यांच्या एका पुस्तकातील मजकुराने जखम पुन्हा उघडली. १९७२ साली विल्सन गेले, १९७७ साली नाबोकोव्ह. १९७९ साली पत्रे ग्रंथरूपाने आली, तेव्हा भांडणाहून मैत्री किती मोठी होती हे जगाला दिसले.

याचा काशीतल्या मराठी माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. शास्त्रार्थाच्या या नगरीत १८८३ साली एका मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज'चे संपादक झाले आणि हिंदी गद्याचे शिल्पकार ठरले. हिंदी भाषकांनी त्यांना परके मानले नाही. तेच औदार्य आपण आपल्या घरात दाखविले पाहिजे. इथे वाढलेले मूल 'माझी पुस्तक' म्हणते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. पाहुण्यांसमोर आपण हसलो, तर ते मूल आपल्याशी मराठी बोलणेच सोडील. जवळ घेऊन 'माझे पुस्तक' असे सांगितले, तर ते ध्यानात ठेवील. देशापासून दूर भाषा टिकते ती अशा मायेच्या दुरुस्तीने. आपल्या मंडळाने पुढची पन्नास वर्षे हे काम करावे, अशी काशीविश्वेश्वराचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.