आखाजीची सांजोरी



वैशाख शुद्ध तृतीयेस इतरत्र अक्षय्यतृतीया म्हणतात. आमच्या खानदेशांत ती 'आखाजी', आणि मान दिवाळीच्या तोडीचा. नंदुरबार हा १९९८ सालीं धुळ्यापासून निराळा जिल्हा झाला खरा. परंतु सणाच्या बाबतींत सारा खानदेश अद्याप एकच आहे. या सणाचें पक्वान्न जी सांजोरी, तिच्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

रवा तुपावर खमंग भाजावा, त्यांत गूळ अथवा साखर, किसलेलें खोबरें व वेलदोडा मिसळावा. हें सारण पिठाच्या लाटींत भरून कडा घट्ट दाबाव्या आणि मंद आंचेवर तळावें. आकाराचा आग्रह घरोघर निराळा, पण कडेविषयीं सर्वांचें एकमत. कड सुटली कीं सारण कढईंत उतरतें, करपतें, आणि पुढचा सारा घाणा काळा पडतो. नीट तळलेल्या सांजोरींत पाण्याचा अंश फारसा उरत नाहीं. म्हणून ती कांहीं दिवस सहज टिकते व प्रवासांत सोबत देतां येते. या टिकाऊपणांतच तिचें अर्धें मर्म आहे.

कोणी विचारील, वैशाखाच्या वणव्यांत चुलीपुढें बसून तळण्याची ही हौस कशाला? इटली देशांत तळलेल्या गोडाचा हंगाम ऐन थंडींत असतो. ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचें व्रत येतें. त्यांत मांस, अंडीं, चरबी पूर्वीं वर्ज्य असत. म्हणून व्रताआधींच्या कार्निव्हलांत घरचीं अंडीं व चरबी संपवून टाकावयाची. पिठाच्या पातळ पट्ट्या तळून वर साखर भुरभुरतात. त्यांना मिलानकडे 'कियाक्केरे', म्हणजे गप्पा, आणि फ्लॉरेन्सकडे 'चेंची', म्हणजे चिंध्या, असें म्हणतात. नांवें मोठीं गोड आहेत! त्यांचें तळण उद्यांच्या वर्ज्यासाठीं. आमचें तळण येणाऱ्या माणसांसाठीं.

येणारे पहिले म्हणजे पितर. आखाजीस मातीची नवी घागर पाण्यानें भरून पुजतात. तिजवर खरबूज, आंबे आणि सांजोरी ठेवतात. उन्हानें जीव कासावीस होतो त्या दिवसांत गेलेल्या माणसांना आधीं गार पाणी आठवावें, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी येणारी सासुरवाशीण. भाऊ किंवा कोणी मुऱ्हाळी तिला आणावयास जाई. मुऱ्हाळी आला नाहीं त्या पोरीचा सण कसा जात असेल तो जावो. माहेरीं आल्यावर गौराईचीं गाणीं, निंबाच्या फांदीला झोका, आणि वर्षांतून एकदां कढईला हात न लावण्याची मुभा. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं 'आखजी' या गीतांत हा झोका अजरामर केला आहे. त्यांच्या गीतांचा संग्रह १९५२ सालीं, त्यांच्या पश्चात्, प्रसिद्ध झाला. परत जातांना तिच्या डब्यांत सांजोऱ्या असत. सासरीं त्या मोजल्या जात, शेजारीं वाटल्या जात, आणि माहेरची पत त्यावरून ठरे. ही मोजणी मला कधींच आवडली नाहीं. गरीब बापानें उसनें तेल आणून तळण केलें, तें या मोजणीच्या धाकानें.

गरिबीचा विषय निघाला म्हणून सांगतों. सालदाराचें सालही खानदेशांत आखाजीपासून आखाजीपर्यंत चालत आलें आहे. ज्या दिवशीं मालकाच्या घरीं सांजोरी तळली जाई, त्याच दिवसांत गड्याचा हिशेब होई, आणि तो पुरा फिटेच असें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. लेक झोक्यावर बसली. मग चुलीपुढें कोण? जुना शिरस्ता असा कीं लेक यावी आणि सून तिच्या माहेरीं जावी. तेव्हां सासू-सून मिळून आधींच घाणे काढून ठेवीत. व्यवहारांत मात्र नणंदा येणार म्हणून सुनेचें जाणें कितीदां तरी राहून गेलेलें मीं पाहिलें आहे. तीहि कोणाची तरी लेकच. तिचा झोका निंबाला रिकामा लोंबत राहतो. शहरांत आज सांजोरी विकत मिळते, त्याबद्दल कांहीं वडीलधारी मंडळी हळहळतात. मी हळहळत नाहीं. सून दोन दिवस माहेरीं जाऊं शकत असेल तर दुकानची सांजोरी खुशाल घागरीवर ठेवावी. पितर रागावणार नाहींत.

आणि घरचीच हवी असेल, तर कडा दाबणें हें कांहीं स्त्रियांच्याच बोटांना दिलेलें वरदान नव्हे. निवृत्तीनंतर मीं तें काम अंगावर घेतलें आहे. झारा अजून माझ्या हातीं देत नाहींत; पण गेल्या आखाजीस माझ्या हातची एकहि सांजोरी कढईंत उकलली नाहीं, आणि सूनबाई आदल्या दिवशींच दुपारच्या मोटारीनें माहेरीं गेल्या.