पहिलटकरणीचे ताट



आजच्या विषयाला पुरुषमंडळी इतकी येतील असे आम्हांस वाटले नव्हते. आला आहात ते बरेच झाले. कारण पहिलटकरणीच्या ताटात काय पडावे हे बहुधा तिच्या हाती नसते.

घरात दिवस गेल्याचे कळले की एकीने म्हणावे, "दोन जिवांची आहेस, दुप्पट खा"; दुसरीने म्हणावे, "बेताने खा, मूल मोठे झाले तर अडशील." दोन्ही सल्ले चुकीचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या हिशेबाप्रमाणे गरोदरपणी रोज सुमारे ३५० कॅलरी जादा लागतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर उसळ, इतकेच. पण ते रोज मिळाले पाहिजे. डोहाळजेवणाच्या एका दिवशी नव्हे.

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडून दगावत, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. जंतूंनी काही उलगडा होईना. मग बाईंनी या बायका खातात काय, ते पाहिले. यीस्टचा अर्क देताच रक्त भरू लागले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्याआधीच. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना विचारून सुरू करावी.

दुसरी गोष्ट लोहाची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरांतल्या बावन्न गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मेथी, मोडाची मटकी, हरभरा हे खावेच, वर लिंबू पिळावे म्हणजे लोह अंगी लागते. चहा मात्र जेवणापासून तासभर दूर ठेवावा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये. पाणी भरपूर, दूध उकळलेले. कच्च्या पपईबद्दल आजीबाईंचे म्हणणे आम्हांसही मान्य आहे. पण त्याच आजीबाई नातसुनेला मिश्री लावू देतात! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने गर्भाचे वजन घटते.

आमच्या दवाखान्यात एक मुलगी आली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन सात. गोळ्या दिल्या होत्या. त्या तांदळाच्या डब्यात पडून होत्या, कारण मूल काळे होईल असे कोणी सांगितले होते. ती जेवायची सर्वांच्या मागून. उरायचा तो भात आणि आमटीचे वरचे पाणी. आम्ही सासूबाईंना बोलावून एवढेच सांगितले, की दोघींनी एका वेळी जेवावे आणि गोळी तुमच्या हाताने द्यावी. पुढच्या महिन्यात साडेआठ भरले. तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, माझंही रक्त तपासता का?"

तपासले. ते आठच होते.