चौथा भिडू
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पत्ते म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक उन्हाळ्याच्या सुटीतलं : माजघरातली सतरंजी, बदाम सात, पाच-तीन-दोन, मेंढीकोट. दुसरं वर्तमानपत्रातलं : जुगारावर धाड, बावन पत्ते आणि रोख रक्कम जप्त. ब्रिज या दोन चित्रांच्या मधे अडकून पडलाय. पोरांना तो अवघड वाटतो आणि घरच्यांना संशयास्पद.

ब्रिज आला साहेबाबरोबर. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याच्या गावी अंमलदारांचा क्लब असायचा. टेनिसचं कोर्ट आणि पत्त्यांची खोली हे त्याचे दोन खांब. आज आपण खेळतो तो कॉन्ट्रॅक्ट ब्रिज मात्र तितका जुना नाही. 1925 साली हॅरोल्ड व्हॅण्डरबिल्ट या अमेरिकन धनिकाने बोटीच्या प्रवासात त्याचे गुण मोजण्याची नवी रीत बसवली आणि काही वर्षांतच ती जगभर पसरली. साहेब गेला, खेळ राहिला. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर यांनी तो सांभाळला. बदलीवर येणारा अधिकारी ब्रिज खेळणारा निघाला की गावात आनंद, आणि त्याची बदली झाली की टेबल लंगडं.

आता संशयाचं बोलतो. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. त्यातच लिहिलंय की निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे 1967 साली सिकंदराबादच्या एका क्लबचं रमीचं प्रकरण आलं. निकाल दिला न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी, म्हणजे नागपूरला वकिली केलेल्या आणि तिथल्याच उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेल्या माणसाने. रमीत कौशल्याचा भाग मोठा, आणि तिच्यात नशीब आहे ते ब्रिजच्या वाटपात असतं तितकंच, असं त्यांनी म्हटलं. पण क्लब चालवणाऱ्यांनी पुढचा भाग जास्त नीट वाचावा. पैसे लावून खेळवणारा त्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणून सांगतो, टेबलाची वर्गणी घ्या, ती नव्या कॅटवर, चहावर, विजेच्या बिलावर खर्च करा, आणि वहीत लिहा. ती वही म्हणजे क्लबची अब्रू.

आणि नशिबाचं म्हणाल, तर तेही काढून टाकायची युक्ती ब्रिजवाल्यांनी शोधलीय. तेरा पानांचे हात होऊ शकतात 63,501 कोटींहून अधिक. मग चांगली पानं आली म्हणून जिंकला, हे कसं टाळायचं? प्रत्येक वाटपासाठी चार खणांची एक पट्टी असते, तिला बोर्ड म्हणतात. खेळताना पानं मधे फेकायची नाहीत, आपापल्या पुढ्यात ठेवायची आणि डाव संपला की आपापल्या खणात परत घालायची. तो बोर्ड पुढच्या टेबलावर जातो. सगळे तीच पानं खेळतात. माझ्याकडे एक्का-राजा आला याला मग किंमत उरत नाही. त्याच पानांवर दुसऱ्या टेबलाने दहा हात केले आणि तुम्ही नऊ, एवढंच मोजलं जातं. घरी 'जजमेंट' खेळलेल्या माणसाला हे चटकन कळतं. आपण किती हात करू हे आधी बोलायचं आणि तेवढे करून दाखवायचे. फरक इतकाच की इथे समोरचा भिडू तुमचा, आणि त्याला आपली पानं फक्त बोलीतून सांगायची. भुवई उचलायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही. नवरा-बायको भिडू असतील तर हे फार कठीण जातं, असं माझं निरीक्षण आहे.

चिटणीसाची खरी कसोटी टेबलं जुळवण्यात. तीन टेबलं, म्हणजे सहा जोड्या असल्या तर पाच फेऱ्यांत प्रत्येक जोडी प्रत्येकीशी खेळते. फेरीला पाच बोर्ड धरले तर पंचवीस, आणि एका बोर्डाला सात-साडेसात मिनिटं. तीन तास सहज जातात. पण ऐनवेळी एकाचा फोन येतो, 'पाहुणे आलेत'. मग त्याचा भिडू रिकामा, जोड्या पाच उरतात आणि दर फेरीला एक जोडी नुसती बसून. आपल्या जिल्ह्यात तर घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग. मलकापूरच्या माणसाने रात्री राजूर घाट चढून बुलडाण्याला यायचं आणि पुन्हा उतरायचं, तेही पावसाळ्यात! त्याला दोष कसा द्यायचा?

2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला. त्यात प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. 2023 मध्ये हांगचौला आपल्या पुरुष संघाने रौप्य आणलं. बातमी वाचून चौकशी करणारे भेटतात, पण टेबलाशी बसणारे फार थोडे. 2020 च्या टाळेबंदीत ठिकठिकाणचे खेळाडू संगणकावर खेळू लागले. घरबसल्या परदेशातला भिडू मिळाल्यावर घाट चढून कोण येणार? संगणकाला मी नावं ठेवत नाही. सराव त्यावर उत्तम होतो. पण क्लब बंद पडला तर नवख्याला शेजारी बसवून, 'हा पत्ता का टाकला?' असं विचारणारं कोणी राहणार नाही.

तेव्हा बारा-सोळा माणसं जमेपर्यंत थांबू नये, असं मला वाटतं. आठ पुरतात. चार-चारांचे दोन संघ करा. एका टेबलावर आपली जोडी उत्तर-दक्षिण बसेल, दुसऱ्यावर पूर्व-पश्चिम, आणि तेच बोर्ड दोन्हीकडे फिरतील. दोन टेबलं, आठ खुर्च्या, कॅट आणि बोर्ड. पहिले काही आठवडे बोली बाजूला ठेवून नुसते हात करायला शिकवा. शाळा-कॉलेजातली दोन पोरं त्या आठांत असली तर उत्तम, आणि त्यांच्याकडून वर्गणी घेऊ नका.